एकाच घराच्या दोन वंशावळी : आनुवंशिकता आणि वारसाहक्क यांचा एकत्रित अभ्यास करताना

विदर्भातील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या कुटुंबांत रोग कसा उतरतो आणि त्याच कुटुंबांत जमीन कशी उतरते, असा जोडअभ्यास हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कामात एक चूक हमखास आढळते. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे दिलेली, प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ ते जशीच्या तशी उचलतात आणि तिच्यावरच रोगाच्या खुणा भरत जातात. त्या वंशावळीत लहानपणी दगावलेली मुले नसतात, हक्क सोडून दिलेल्या बहिणी पुष्कळदा नसतात, सुनांची माहेरे तर कधीच नसतात. कारण ज्याचा हिस्सा नाही त्याला कागदावर घेण्याचे तेथे प्रयोजन नसते. आनुवंशिकतेच्या अभ्यासात नेमकी हीच माणसे सर्वांत मोलाची असतात. उलट दत्तक मुलाला मालमत्तेत औरस मुलाइतकाच पूर्ण हिस्सा असतो, पण त्याचे रक्ताचे नाते वेगळ्याच जोडप्याशी असते. म्हणून माहिती एकदाच गोळा करायची, पण आकृत्या दोन काढायच्या, हा या लेखातील पद्धतीचा पाया आहे. पुढील टप्प्यांचा क्रम बदलू नये. तो का बदलू नये, ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

टप्पा १ : कोणत्या कुटुंबाला कोणता कायदा, ते आधी ठरवा

बहुतेकजण हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ गृहीत धरून निघतात. १७ जून १९५६ पासून लागू असलेला हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी आहे. नागपूर-भंडारा भागातील बौद्ध, कुणबी किंवा तेली कुटुंबांना तो लागू होतो. मात्र याच कायद्याच्या कलम २ च्या पोटकलम २ नुसार, केंद्र सरकारने अधिसूचना काढून तसे ठरवल्याशिवाय, तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. सिकलसेलचा अभ्यास करणारे नंदुरबारच्या भिल्ल व पावरा आणि गडचिरोलीच्या गोंड व माडिया कुटुंबांकडे साहजिकच वळतात आणि तेथेच सबंध गणित चुकते. त्या कुटुंबांत जमातीची रूढी काय आहे, हा पुराव्याने सिद्ध करायचा प्रश्न असतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात, स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना त्यांना हिस्सा नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. तोही अशा अभ्यासात विचारात घ्यावा लागतो.

मुस्लिम कुटुंबांत शरियतप्रमाणे ठरलेले हिस्से असतात. ख्रिश्चन व पारशी कुटुंबांसाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ पाहावा लागतो. गोव्यात धर्म कोणताही असो, गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम, २०१२ लागू होतो. तेथे लग्नाआधी वेगळा करार झालेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. त्यामुळे पती वारल्यावर पत्नीचा अर्धा भाग तिचाच राहतो आणि वारसांमध्ये वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची.

कायदा ठरला की तारखा ठरवा. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेबाबत तीन तारखा भिंतीवर लावून ठेवाव्यात : १७ जून १९५६, २२ जून १९९४ आणि ९ सप्टेंबर २००५. यातली मधली तारीख महाराष्ट्राच्या दुरुस्तीची आहे, जिने त्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलींना सहदायाद म्हणजे जन्मतः हिस्सेदार केले. तिसरी तारीख केंद्राच्या दुरुस्तीची आहे, जिने विवाहित-अविवाहित हा भेद काढून टाकला. ही दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी प्रत्यक्ष झालेल्या वाटण्या मात्र तशाच राहतात.

इशारा : नोंद ज्या वर्षी झाली त्या वर्षीचा कायदा आणि आजचा कायदा, या दोन्हींनुसार हिस्से स्वतंत्र स्तंभांत लिहा. १९८० च्या फेरफारात (जमिनीच्या हक्कातील बदलाच्या नोंदीत) मुलगी दिसत नाही एवढ्यावरून तिला हक्क नव्हता किंवा आजही नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

टप्पा २ : समितीची मंजुरी आणि दोन वेगळी संमतीपत्रे

माणसांवर केलेल्या आरोग्यविषयक संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे पाळावी लागतात. संस्थेच्या नीती समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकाही घरी जाऊ नये. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीबरोबरच मुलांचा होकारही लागतो. तो सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलांकडून लेखी घ्यायचा असतो.

संमतीपत्रे दोन करा. आरोग्याची माहिती देणारी व्यक्ती जमिनीची माहिती देईलच असे नाही, आणि एकाच सहीत दोन्ही गुंफले तर तिला नकार देण्याची जागाच उरत नाही. आरोग्याच्या संमतीपत्रात तीन गोष्टी साध्या मराठीत याव्यात. तपासणीचा निकाल जाणून घ्यायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. पितृत्वाविषयी अनपेक्षित काही दिसल्यास संशोधक ते कुटुंबात कोणालाही सांगणार नाही. वाहक असणे (जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच सदोष असणे) म्हणजे आजारी असणे नव्हे. तिसरी गोष्ट सर्वांत सावकाश समजावून सांगावी, कारण मुलीचे लग्न मोडेल या धाकाने घरे तपासणी टाळतात आणि ही भीती खरी असते.

इशारा : माहिती गुप्त ठेवू, असे लिहा; न्यायालयाने मागितली तरी देणार नाही, असे लिहू नका. ते तुमच्या हातात नाही.

टप्पा ३ : कुटुंबे कशी निवडली, त्यावर उत्तर अवलंबून असते

हा टप्पा नीट न केल्यास पुढची सर्व मेहनत वाया जाते. सिकलसेल हा प्रच्छन्न, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तरच दिसणारा, रोग आहे : आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही प्रती निरोगी असण्याची २५ टक्के असते. तरीही विद्यार्थ्यांच्या तक्त्यांत ग्रस्त मुलांचे प्रमाण निम्म्याच्या पुढे जाते आणि मग आनुवंशिकतेचा नियमच या समाजात वेगळा असल्याचा तर्क मांडला जातो. खोट निवडीत असते.

दोघेही वाहक असलेली १६ जोडपी घ्या आणि प्रत्येकाला दोन मुले आहेत असे धरा. सरासरीने ९ घरांत एकही मूल ग्रस्त नसेल, ६ घरांत एक असेल आणि एका घरात दोन्ही असतील. एकूण ३२ मुलांत ८ ग्रस्त, म्हणजे बरोबर चौथा भाग. पण तुम्ही घरे दवाखान्यातील रुग्णांवरून शोधली असतील, तर ती ९ घरे तुम्हाला दिसणारच नाहीत. उरलेल्या ७ घरांत १४ मुले आणि त्यांत ८ ग्रस्त : प्रमाण ५७ टक्के.

दुरुस्तीची रीत अशी आहे. प्रत्येक ग्रस्त मुलाला आळीपाळीने बाजूला ठेवा आणि फक्त त्याची भावंडे मोजा. सहा घरांतून ६ निरोगी भावंडे मिळतील. ज्या घरात दोघेही ग्रस्त आहेत तेथे दोन वेळा मोजणी होऊन २ ग्रस्त भावंडे मिळतील. आठांपैकी दोन, म्हणजे पुन्हा २५ टक्के. ही रीत तेव्हाच बरोबर ठरते, जेव्हा त्या भागातील सर्व ग्रस्त मुले तुमच्या शोधात सापडलेली असतात. काहीच सापडली असतील तर संख्याशास्त्रज्ञाची मदत घ्यावी.

मालमत्तेच्या बाजूला हीच चूक वेगळ्या वेशात येते. दिवाणी न्यायालयातील दाव्यांवरून कुटुंबे निवडली तर प्रत्येक घर भांडणारेच दिसेल, आणि बहिणीला मुकाट्याने हिस्सा देणारी किंवा तिच्याकडून मुकाट्याने हक्कसोड लिहून घेणारी घरे गळतील. म्हणून माझा आग्रह असा की एकक गाव धरावे : ज्या गावात आरोग्य विभागाची सरसकट तपासणी झाली आहे ते निवडावे आणि त्याच गावातील ठरावीक कालावधीतील सर्व वारस फेरफार घ्यावेत.

टप्पा ४ : घरी जाण्यापूर्वी मूळ तक्ता तयार करा

आकृती काढत काढत माहिती घेऊ नका. आधी तक्ता हवा, आणि त्यात प्रत्येक माणसाला एक ओळ व एक क्रमांक हवा. स्तंभ असे असावेत : क्रमांक, जन्मदात्या आईचा क्रमांक, जन्मदात्या वडिलांचा क्रमांक, कायद्याने आई-वडील कोण, त्यांचे क्रमांक, जन्माचे वर्ष, मृत्यूचे वर्ष आणि वय, आजार किंवा तपासणीचा निकाल, माहिती कोणी दिली, कोणत्या कागदावरून पडताळली. लग्नांचा तक्ता वेगळा ठेवावा, एका लग्नाला एक ओळ, कारण दुसरे लग्न, पाट आणि फारकत एकाच ओळीत कोंबल्यास मुले कोणाची, हे सहा महिन्यांनी तुम्हालाच उमगणार नाही.

जन्मदाते आणि कायदेशीर पालक यांचे स्तंभ प्रत्येक व्यक्तीसाठी भरायचे, ते सारखे असले तरीही. सारखे आहे म्हणून रिकामे सोडले की पुढे रिकाम्या जागेचा अर्थ ‘तेच’ की ‘माहीत नाही’, हे कळत नाही. माहीत नसेल तेथे तसे शब्दांत लिहा.

नावांचा गोंधळ येथेच आवरावा. स्त्रीचे माहेरचे नाव, सासरचे नाव आणि घरात हाक मारायचे नाव अशी तीनही नोंदवा. जुन्या फेरफारात ती एका नावाने असते, मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसऱ्या, आणि आजी तिला तिसऱ्याच नावाने सांगते. एकाच बाईच्या दोन बाया झालेल्या वंशावळी मी पाहिल्या आहेत.

टप्पा ५ : पहिली भेट, फक्त आरोग्याची

पहिल्या भेटीत जमिनीचा शब्दही काढू नये. सातबारा समोर ठेवला की कुटुंब आकसते : विचारणाऱ्याचा हेतू काय, हे ठाऊक नसल्यामुळे लोक हिस्सेदार तेवढे सांगतात, किंवा हिस्सा मागू शकतील अशांना सांगतच नाहीत. आरोग्याची वंशावळ आधी पूर्ण करण्यामागे हेच कारण आहे.

बोलायला घरातील सर्वांत वयस्क बाई गाठावी. पुरुषांना भाऊबंदकी तोंडपाठ असते, पण बाळंतपणे लक्षात असतात ती आजीच्या आणि आत्याच्या. एका घरी आजींना मुले किती, असे विचारल्यावर त्यांनी ‘पाच’ सांगितले. मी क्रमाने विचारत गेले : थोरल्यानंतर किती वर्षांनी दुसरा, आणि त्या दोघांच्या मधे कोणी झाले होते का, जे राहिले नाही? त्यांनी डाव्या हाताची बोटे पेरापेरावर अंगठा टेकवत मोजायला सुरुवात केली, अनामिकेपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “तशी आठ झाली. मधली तीन गेली, दोघांचे सांधे सुजायचे.” आधीच्या कोणत्याही कागदावर ती तीन मुले नव्हती. सबंध कुटुंबाचा उलगडा त्या दोघांवरून झाला.

प्रत्येक जोडप्याला विचारायचे प्रश्न याच क्रमाने विचारा : एकूण किती वेळा दिवस गेले, गर्भपात, मृत जन्म, जन्मून दगावलेली मुले, त्यांचे वय आणि लक्षणे, हयात मुले. त्यानंतर विचारावे, “लग्नाआधी तुम्ही एकमेकांचे कोण लागत होता?” ‘नात्यात लग्न झाले का’ असे विचारल्यास पुष्कळजण नाही म्हणतात, कारण मामाची मुलगी करणे त्यांच्या लेखी वेगळे काही नसते. आते-मामे भावंडांच्या मुलांत, दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता प्रत्येक जनुकासाठी १/१६ असते, मामा-भाचीच्या मुलांत १/८. प्रच्छन्न रोगाच्या अभ्यासात हा फरक लिहिलाच पाहिजे.

शेवटी बाईच्या माहेराकडे वळा. तिचे भाऊ, बहिणी, त्यांची मुले, तेथील बालमृत्यू, सर्व त्याच बारकाईने.

तपासणी : उठण्यापूर्वी प्रत्येक विवाहित स्त्रीच्या आई-वडिलांची ओळ तक्त्यात आहे ना, ते पाहा. नसेल तर तुम्ही अर्धीच वंशावळ घेऊन निघाला आहात.

टप्पा ६ : महसुली कागद, आणि त्यांतील संक्षेप

आता गावच्या दप्तराकडे या. सातबारा आणि आठ-अ हे आजची स्थिती दाखवतात. माणसे कशी आली-गेली ते गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत आणि गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवहीत असते. सातबाऱ्यावर वर्तुळात दिलेले फेरफार क्रमांक लिहून घ्या आणि एकेक फेरफार मागे मागे वाचत जा. जन्म-मृत्यूच्या जुन्या तारखांसाठी गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ते पाहावे. लहान मुलांचे मृत्यू कागदावर कोठे सापडलेच तर बहुधा येथेच सापडतात. गावठाणातील आणि शहरातील जागेसाठी मिळकत पत्रिका लागते.

वाचताना चार ठिकाणी अडखळायला होते. ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. तेथे नाव एकाचे असते, पण धारण सर्व कुटुंबाचे असू शकते. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ती व्यक्ती मालक नसते, अल्पवयीन मुलाच्या वतीने उभी असते. ‘इतर हक्क’ रकान्यात कित्येकदा बहिणींची व विधवांची नावे ढकललेली असतात, म्हणून तो रकाना न वाचता पुढे जाऊ नये. चौथे ठिकाण सर्वांत फसवे आहे : हक्कसोड पत्राचा फेरफार मंजूर झाला की बहिणींची नावे चालू सातबाऱ्यावरून निघून जातात. त्या वारस होत्या, त्यांना हिस्सा मिळाला होता आणि नंतर त्यांनी तो सोडला. केवळ आजचा उतारा पाहणारा संशोधक मात्र ‘या घरात मुलीच नाहीत’ असे लिहून मोकळा होतो.

इशारा : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार महसुली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे न्यायालये सातत्याने सांगत आली आहेत. प्रबंधात ‘नोंद झाली’ असे लिहा, ‘हक्क मिळाला’ असे नव्हे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आणि दक्षिण महाराष्ट्रात हेळव्यांनी सांगितलेल्या वंशावळी पिढ्यांचा क्रम लावायला उपयोगी पडतात. त्यांचा भर पुरुषांच्या शाखेवर असतो, एवढे ध्यानात ठेवून त्या वापराव्यात.

टप्पा ७ : दुसरी भेट, मालमत्तेची

ही भेट वेगळ्या दिवशी, दुसऱ्या संमतीपत्रासह. मृत्युपत्र, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, दत्तकपत्र आहे का, ते विचारा आणि असल्यास पाहून घ्या. जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, हे कुटुंबाच्या शब्दावर न सोडता खरेदीखताच्या किंवा जुन्या फेरफाराच्या आधारे लिहा. आपण कोणाचा हिस्सा किती निघतो, हे घरात बोलून दाखवू नये. तुमच्या एका वाक्याने भावाबहिणींत वाद पेटू शकतो आणि तो निस्तरायला तुम्ही तेथे नसता.

टप्पा ८ : रक्ततपासणीचे निकाल वाचताना

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाल्यापासून पुष्कळ घरांत आधीच्या तपासणीचे कार्ड असते. ते कार्ड कोणत्या चाचणीवरून भरले आहे, ते पाहिल्याशिवाय तक्त्यात उतरवू नका. विद्राव्यता चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की ग्रस्त, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असल्यास त्या निकालावरही विसंबू नये, कारण दात्याचे हिमोग्लोबिन त्यात मिसळलेले असते. सहा महिन्यांखालील बाळांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन इतके असते की साध्या चाचण्या फसतात.

टप्पा ९ : आता दोन आकृत्या काढा

आनुवंशिक आकृतीत चौकोन पुरुषासाठी, वर्तुळ स्त्रीसाठी आणि लिंग माहीत नसल्यास चौकट-इस्पिकाच्या पत्त्यांतील चौकटीसारखे चिन्ह वापरतात. ग्रस्त व्यक्तीचे चिन्ह भरीव, मृत व्यक्तीवर तिरकी रेघ, नात्यातील लग्नाला दुहेरी रेघ, आणि ज्याच्यामुळे कुटुंब अभ्यासात आले त्याच्याकडे बाण. दत्तक व्यक्तीचे चिन्ह कंसात ठेवतात. दत्तक घेणाऱ्या आई-वडिलांशी तुटक रेघ आणि जन्मदात्यांशी अखंड रेघ. वारसाच्या आकृतीत या खुणा आणू नका. तेथे प्रत्येक नावाखाली मृत्यूची तारीख आणि हिश्श्याचा अपूर्णांक एवढेच हवे.

एक कल्पित उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. एक बौद्ध शेतकरी २०१२ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. स्वकष्टार्जित जमीन ३ हेक्टर ६० आर. मागे पत्नी. दोन मुलगे लहानपणी, तीन आणि पाच वर्षांचे असताना, वारले. त्यांतल्या दुसऱ्याला सिकलसेल असल्याचे दवाखान्याच्या कागदावरून निश्चित आहे. थोरली मुलगी हयात व निरोगी आहे, तिची तपासणी झालेली नाही. धाकटी मुलगी २००९ मध्ये वारली, तिला एक मुलगा व एक मुलगी, पती हयात. मुलगे गेल्यावर दांपत्याने १९९० मध्ये शेतकऱ्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा रीतसर दत्तक घेतला.

वारसाच्या आकृतीत चार हिस्से पडतात : पत्नी, थोरली मुलगी, दत्तक मुलगा आणि मृत धाकट्या मुलीची शाखा. प्रत्येकी १/४, म्हणजे ९० आर. धाकटीच्या दोन मुलांना प्रत्येकी १/८, म्हणजे ४५ आर. जावयाला काहीच नाही, कारण अगोदर वारलेल्या मुलीचा पती हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने पहिला हक्क दिलेल्या वर्ग एकच्या वारसांत नाही. बालपणी गेलेले दोन मुलगे या आकृतीत लागतच नाहीत.

आनुवंशिक आकृतीत तेच दोन मुलगे केंद्रस्थानी येतात. एक मुलगा ग्रस्त होता, म्हणून शेतकरी आणि त्यांची पत्नी दोघेही वाहक असलेच पाहिजेत. थोरली मुलगी निरोगी आहे म्हणजे चारांपैकी ‘ग्रस्त’ ही शक्यता गेली. उरलेल्या तिनांपैकी दोन शक्यता वाहकाच्या, म्हणून ती वाहक असण्याची शक्यता २/३. येथे १/२ लिहिणे ही सर्वांत सरसकट होणारी चूक आहे. दत्तक मुलगा औरस समजून त्याच्यापुढेही २/३ लिहिले तर ते साफ चुकीचे ठरेल : शेतकऱ्यांचा भाऊ वाहक असण्याची शक्यता १/२, आणि म्हणून त्या बाजूने मुलाची १/४, त्याच्या जन्मदात्या आईची बाजू स्वतंत्रपणे पाहावी लागेल. पत्नीच्या भावाला या जमिनीत कवडीचाही हिस्सा नाही, पण त्याच्या प्रत्येक मुलापुढे तीच १/४ शक्यता उभी आहे, आणि तपासणीचा सल्ला त्या घरापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

दत्तकाबाबत एक गोष्ट आवर्जून नोंदवावी. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम १२ नुसार दत्तकाच्या दिवसापासून जन्मकुटुंबाशी असलेले नाते तुटते. मात्र जन्मकुटुंबात ज्यांच्याशी विवाह निषिद्ध होता, त्यांच्याशी तो निषिद्धच राहतो. तेवढ्यापुरते रक्ताचे नाते कायद्यानेही राखले आहे.

तपासणी : दोन्ही आकृत्यांतील प्रत्येक क्रमांक मूळ तक्त्यात सापडला पाहिजे, आणि एका आकृतीत असून दुसऱ्या आकृतीत नसलेल्या प्रत्येक व्यक्तीपुढे कारण लिहिलेले पाहिजे. हीच यादी पुढे प्रबंधातील सर्वांत वाचनीय प्रकरण ठरते.

टप्पा १० : निकाल आणि वंशावळ जुळत नसतील तर

आई किंवा वडिलांपैकी एकाच्या तपासणीत दोष दिसत नाही आणि मूल मात्र ग्रस्त दिसते, असे कधीतरी घडते. लगेच पितृत्वाकडे बोट दाखवणे हा अक्षम्य उतावळेपणा आहे. आधी नमुन्यांवरील क्रमांक जुळवा, नंतर रक्त चढवल्याचा इतिहास विचारा, मग पालकांपैकी कोणी बीटा थॅलसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक आहे का ते पाहा. सिकलचे एक आणि थॅलसेमियाचे एक जनुक मिळालेले मूलही सिकलसेल रुग्णासारखेच आजारी दिसते. दत्तक घेतल्याचे घरात बोलले न जाणे हेही एक कारण असते. त्यानंतरही तिढा सुटला नाही तर ते कुटुंब गणनेतून वगळा, वगळल्याचा आकडा लिहा आणि कारणाविषयी घरात एक शब्दही बोलू नका.

मालमत्तेच्या दृष्टीनेही त्या शंकेला संशोधकाने हात घालू नये. वैध विवाह चालू असताना जन्मलेले मूल त्याच दांपत्याचे, हे गृहीतक पूर्वी पुरावा अधिनियमाच्या कलम ११२ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११६ मध्ये आहे. पती-पत्नींचा त्या काळात संबंध येणे शक्यच नव्हते, हे दाखवल्याशिवाय ते हटत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालमत्तेच्या एका दाव्यात, बहिणींनी मागणी करूनही, भावावर त्याच्या इच्छेविरुद्ध डीएनए चाचणी लादायला नकार दिला.

टप्पा ११ : ओळख झाकणे आणि कागद परत करणे

गट क्रमांक, गावाचे नाव, मृत्यूची नेमकी तारीख आणि एखादा दुर्मिळ आजार, यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या तरी गावकऱ्याला घर ओळखता येते. फेरफार नोंदी सार्वजनिक असल्यामुळे या जोडअभ्यासात हा धोका नेहमीपेक्षा मोठा आहे. म्हणून प्रसिद्ध करताना गावाऐवजी तालुका किंवा जिल्हा, तारखेऐवजी दशक आणि क्षेत्रफळाऐवजी केवळ अपूर्णांक द्यावेत. आकृतीतील भावंडांचा क्रम रोगाच्या नियमाला धक्का न लावता बदलता येतो. तसा बदलल्याचे तळटीपेत सांगावे. क्रमांक आणि नावे जोडणारी किल्ली वेगळ्या ठिकाणी, कुलूपबंद ठेवावी आणि नीती समितीने ठरवलेल्या मुदतीनंतर नष्ट करावी.

ज्यांनी निकाल मागितले आहेत त्यांना ते समुपदेशकाच्या उपस्थितीत, एकेकट्याला द्यावेत. कुटुंबाकडून घेतलेली मूळ दत्तकपत्रे, वाटणीपत्रे, दाखले पोच घेऊन परत करावेत. कुटुंबाने वंशावळीची प्रत मागितली तर फक्त वारसांची आकृती द्यावी, तीही हिश्श्यांचे अपूर्णांक काढून; आनुवंशिक आकृती घरातल्या कोणालाही, अगदी कर्त्या माणसालाही, देऊ नये, कारण तिच्यात त्याच्या सुनेच्या माहेरची आणि बहिणीच्या सासरची माहिती आहे, आणि ती देण्याची परवानगी त्यांनी त्याला दिलेली नाही.